घरोघरी स्वयंपाक करून देण्याचा व्यवसाय

दुसऱ्याच्या घरी जाऊन, त्याच्या ओट्याशी उभे राहून, त्या घरच्या चवीचे जेवण ठरलेल्या मोबदल्यात रांधून देण्याचा व्यवसाय. महाराष्ट्रातल्या शहरांत हे काम करणाऱ्यांना स्वयंपाकाच्या बाई, मावशी, काकू किंवा महाराज म्हणतात. हॉटेल-व्यवस्थापन शिकून या कामात उतरलेली नवी मंडळी स्वतःची ओळख पर्सनल शेफ अशी करून देतात. नाव कोणतेही असले तरी काम एकच आहे. एकाच कुटुंबाकडे पगारावर राहणारा खाजगी आचारी यात मोडत नाही, आणि स्वतःच्या घरी रांधून डबे पोचवणारेही मोडत नाहीत. येथे स्वयंपाक करणारी व्यक्ती एकाच वेळी अनेक घरे धरते. शिधा, गॅस आणि भांडी त्या घरची असतात. ती आपले कसब आणि वेळ विकते.

कामाच्या तीन तऱ्हा आढळतात. रोज सकाळी किंवा संध्याकाळी येऊन पोळी, भाजी, वरण, भात करून जाणे ही सर्वांत रूढ. दुसरी आठवड्याच्या तयारीची: एक-दोन दिवस येऊन वाटणे, पिठे, मोडाची कडधान्ये, सारणे आणि दोन-तीन दिवस टिकतील अशा भाज्या करून ठेवायच्या. अमेरिकेत १९९०च्या दशकात या व्यवसायाच्या संघटना उभ्या राहिल्या, तिथे हीच तऱ्हा प्रमुख आहे. एका कुटुंबासाठी एका फेरीत अनेक पदार्थ रांधून डब्यांत भरून ठेवले जातात. तिसरी प्रसंगाची: बारसे, केळवण, श्राद्ध, वाढदिवस, वीस-पंचवीस माणसांची पंगत. घरगुती समारंभाला पूर्वी ओळखीचे आचारी बोलावत, त्यांची जागा आता या लोकांनी घेतली आहे.

पूर्वपीठिका. स्वयंपाकाच्या मोबदल्यावर पोट भरणे महाराष्ट्राला नवे नाही. मोठ्या वाड्यांत स्वयंपाकीणबाई असत. त्यांतल्या कित्येक जणी विधवा होत्या, आणि दुसरे कोणतेही कमाईचे दार उघडे नसल्याने या कामाला लागलेल्या होत्या. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया’ हे पुस्तक १९१० साली आले आणि पदार्थांच्या कृती कागदावर येण्याची वाट रुंदावली. १९७० मध्ये आलेल्या कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने वाटी-चमच्याचे माप घराघरांत रुजवले. अंदाजाने रांधणाऱ्या स्वयंपाकिणीला ते माप आज फार उपयोगी पडते, कारण चार घरी चार चवी सांभाळायच्या तर हाताच्या अंदाजाइतकाच मापाचा आधार लागतो.

या व्यवसायाचा सर्वांत मोठा सामाजिक धडा मात्र गिरणगावातल्या खाणावळींनी दिला. कोकणातून आणि घाटावरून मुंबईच्या गिरण्यांत आलेले असंख्य कामगार कुटुंब गावी ठेवून गाळ्यांत राहत आणि खाणावळीत जेवत. या खाणावळी कामगारांच्याच घरांतल्या बायका आपल्या खोल्यांत चालवत. जेवणाचे पैसे महिन्याने मिळायचे, शिधा मात्र रोज लागायचा, म्हणून वाण्याची उधारी आणि सावकाराचे व्याज पाठीशी लागलेले असे. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी या बायकांना संघटित करून अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले आणि त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून दिले. गोवा मुक्तिलढ्यातून आणि कामगार चळवळीतून आलेल्या पुरव यांना २००२ मध्ये पद्मश्री मिळाली. बँकेच्या दृष्टीने खाणावळवाली हा उद्योजक नव्हताच. मंडळाने ती समजूत मोडली. १८ जानेवारी १९८२ पासूनच्या गिरणी संपात जेवणाऱ्यांचेच उत्पन्न थांबले आणि खाणावळी कोसळल्या. एकाच प्रकारच्या गिऱ्हाइकावर सगळा व्यवसाय उभा असला की काय होते, ते त्या संपाने दाखवले. आजही एकाच सोसायटीत सगळी घरे धरणाऱ्या बाईला हा धोका असतो: उन्हाळ्याच्या सुट्टीत सोसायटी रिकामी झाली की तिचा महिना रिकामा जातो.

सुरुवात. भांडवल जवळजवळ लागत नाही, म्हणून हा व्यवसाय सोपा समजला जातो. ती समजूत चुकीची आहे. चांगला रांधणारा प्रत्येक जण दुसऱ्याच्या घरात रांधू शकत नाही. स्वतःच्या स्वयंपाकघरात हात आपोआप मिठाच्या बरणीकडे जातो. परक्या ओट्यावर गॅसची धग, कुकरची शिट्टी, तव्याची जाडी आणि पिठाचे दळण सगळेच निराळे. काम धरण्याआधी त्या घरी एकदा जाऊन ओटा पाहावा आणि प्रश्न विचारावेत. तिखट किती, गूळ घालतात का, आमसूल की चिंच, गोडा मसाला की कांदा-लसूण मसाला, भाजी रसाची की कोरडी. पुण्याच्या घरची आमटी कोल्हापूरकराला गोड लागते, खानदेशातल्या काळ्या मसाल्याची भाजी दुसऱ्या घरी कोणी खात नाही, मालवणी घरात ओल्या नारळाचे वाटण नसले तर जेवण अपुरे वाटते. जैन घरी कांदा, लसूण आणि कंदमुळे वर्ज्य. उपवासाला एका घरी जिरे-कोथिंबीर चालते, शेजारच्या घरी चालत नाही. हे सगळे वहीत लिहून ठेवणारी बाई दोन महिन्यांत त्या घरची होते.

याच वहीत अपथ्याची नोंद पहिल्या पानावर हवी. शेंगदाण्याची अॅलर्जी असलेल्या माणसाला मराठी स्वयंपाकघर खरोखर धोक्याचे आहे: कूट भाजीत, कोशिंबिरीत, साबुदाण्याच्या खिचडीत, चटणीत असतो आणि पुष्कळ घरांत तेलही शेंगदाण्याचेच असते. ज्याला गहू वर्ज्य आहे त्याला ज्वारीची भाकरी करून दिली आणि वरणाला डबीतल्या हिंगाची फोडणी घातली तर पथ्य मोडू शकते, कारण बाजारातल्या बांधणीच्या हिंगात बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. अशा घरी डबीवरचे घटक वाचल्याशिवाय हिंग वापरू नये.

कामाची घडी. चार माणसांचा साधा स्वयंपाक सरावाच्या हाताला सव्वा ते दीड तास घेतो. आधी कणीक भिजवून झाकून ठेवायची, मग कुकर चढवायचा, तो होईस्तोवर भाजी चिरायची. भाजी फोडणीला पडली की कोशिंबीर, आणि पोळ्या सर्वांत शेवटी. एक किलो कणकेत घडीच्या पोळ्या आकाराप्रमाणे ३० ते ३५ होतात. पोळीबरोबर भात असेल तर माणशी ६० ते ७५ ग्रॅम तांदूळ पुरतो. भाकरीचे गणित निराळे असते. ती एकेक थापावी लागते, पीठ आधी भिजवून ठेवता येत नाही आणि वेळ पोळीपेक्षा जास्त जातो. जाणत्या बायका भाकरीचा दर वेगळा सांगतात, आणि त्यात गैर काहीच नाही.

अन्नाची सुरक्षितता हा भाग बहुतेक जण गृहीत धरतात आणि तिथेच घोटाळे होतात. जंतू सर्वांत वेगाने ५ ते ६० अंश सेल्सियसच्या दरम्यान वाढतात. म्हणून शिजलेले अन्न एक तर गरम राहावे, नाहीतर दोन तासांच्या आत थंड करून फ्रिजमध्ये जावे. भाताची काळजी अधिक. तांदळातल्या बॅसिलस सिरियस या जंतूचे बीजाणू शिजवण्यानेही मरत नाहीत आणि ओट्यावर तासन्‌तास राहिलेल्या भातात ते पुन्हा वाढतात. त्यांनी तयार केलेले विष उष्णतेला दाद देत नसल्याने असा भात फोडणीला टाकूनही निर्धोक होत नाही. आठवड्याची तयारी करणाऱ्यांनी भात, ओल्या नारळाची चटणी आणि कच्ची कोशिंबीर त्यातून वगळावी. पुरण, कांदा-खोबऱ्याचे वाटण, करंजीचे सारण आणि उसळीसाठी मोड आलेली कडधान्ये फ्रीझरमध्ये चांगली राहतात. बटाटा मात्र गोठवल्यावर भुसभुशीत आणि पाणचट होतो. प्रत्येक डब्यावर पदार्थाचे नाव आणि तारीख लिहावी.

मोबदला. दर ठरवण्याच्या रीती तीन: माणशी महिना, तासावर, आणि प्रसंगी उक्ता. माणशी महिन्याचा दर सर्वांत रूढ आहे आणि स्वयंपाक करणारीच्या दृष्टीने सर्वांत तोट्याचा, कारण पाहुणे आले की माणसे वाढतात आणि आकडा तोच राहतो. आणखी एक वेळ हिशेबात कधीच येत नाही: दोन घरांमधली पायपीट. दीड-दीड तासाची चार घरे आणि मध्ये वीस-वीस मिनिटांच्या तीन फेऱ्या धरल्या तर कामाचा दिवस सात तासांचा होतो, पगार मात्र सहा तासांचाच मिळतो. दर सांगताना हा एक तास चार घरांवर वाटून लावला पाहिजे. काय करावे याची आखणी, संपत आलेल्या जिनसांची यादी, बाजारातून भाजी आणणे, ही कामे सांगितली तर त्यांचेही पैसे लागावेत. ‘घरच्यासारखेच आहे’ असे म्हणून बायकांच्या या श्रमांची किंमत आजवर पाडली गेली आहे.

काम धरतानाच काही गोष्टी स्पष्ट बोलाव्यात आणि शक्य तर कागदावर लिहाव्यात. महिन्याला किती सुट्ट्या, घर बंद असेल तेव्हा पगार मिळणार की नाही, पाहुण्यांचा जादा दर, भांडी आणि ओटा कोणी आवरायचा, काम सोडताना किती दिवस आधी सांगायचे. दिवाळीला एक महिन्याचा पगार बोनस म्हणून देण्याची रीत अनेक शहरांत आहे. ती आपोआप पडली नाही. पुण्यात १९८० साली घरकामगार बायकांनी संप केला, संघटना बांधली, आणि पगारवाढ व हक्काची रजा या मागण्या तेव्हापासून उघडपणे मांडल्या जाऊ लागल्या.

कायदा. गिऱ्हाइकाच्या घरी त्याच्याच शिध्यात रोजचा स्वयंपाक करणे हे घरकाम धरले जाते. स्वतःच्या घरी रांधून विकायला किंवा समारंभाचे जेवण पुरवायला सुरुवात केली की अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ लागू होतो. २०११च्या नियमांनी छोट्या व्यावसायिकांसाठी वार्षिक उलाढाल १२ लाख रुपयांपर्यंत असल्यास साधी नोंदणी आणि त्यापुढे परवाना, अशी विभागणी केली. नोंदणीचा क्रमांक १४ आकडी असतो. महाराष्ट्रात घरकामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला आणि १८ ते ६० वर्षे वयाच्या घरकामगारांच्या नोंदणीची तरतूद आली. स्वयंपाक करणाऱ्या बायकांनी ही नोंदणी जरूर करावी. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्यात घर हेही कामाचे ठिकाण मानले आहे, आणि तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. एकटीने परक्या घरात काम करणाऱ्या प्रत्येकीला ही गोष्ट ठाऊक असायला हवी.

जातीचा प्रश्न. ‘सोवळ्यातला स्वयंपाक येणारी पाहिजे’ अशा मागणीआड जात विचारली जात असे आणि अजूनही विचारली जाते. २०१७ साली पुण्यात एका घरमालकिणीने, स्वयंपाक करणाऱ्या बाईंनी जात लपवली म्हणून पोलिसांत तक्रार नोंदवली. राज्यभर संताप उसळला आणि तक्रार मागे घेतली गेली. हातची चव, स्वच्छता आणि वक्तशीरपणा याखेरीज स्वयंपाकाच्या कामाला दुसरी पात्रता नाही. नैवेद्याची शिस्त, उपवासाचे नियम, कांदा-लसणाचे वर्ज्य हे सगळे शिकता येते, आणि ते शिकलेल्या बायका सर्व जातींत आहेत.

व्यवसाय वाढवणे. एका माणसाच्या हाताला दिवसाकाठी चार-पाच घरांपलीकडे काम झेपत नाही, म्हणून वाढ घरांच्या संख्येतून होत नाही. ती विशेष कामांतून होते: मधुमेही किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णासाठी आहारतज्ज्ञाच्या तक्त्याप्रमाणे रांधणे, बाळंतिणीचा आहार, एकट्या राहणाऱ्या वृद्धांचे मऊ जेवण, दिवाळीचा फराळ. परदेशी राहणारी मुले पुण्या-मुंबईतल्या आईवडिलांसाठी अशी माणसे शोधतात आणि विश्वासाच्या व्यक्तीला चांगला दर देतात. दुसरी वाट म्हणजे दोघी-तिघींनी मिळून घरे वाटून घेणे. एक आजारी पडली तर दुसरी जाते, घरांचा खाडा होत नाही आणि कामही टिकते. खाडा हेच काम सुटण्याचे मोठे कारण असल्याने ही जोडणी फार मोलाची आहे.

स्वयंपाकाला माणूस ठेवणाऱ्या घरांनीही काही पाळायचे असते. ओट्याजवळ हवा खेळती ठेवावी, पगार ठरल्या तारखेला द्यावा, जास्तीचे काम आदल्या दिवशी सांगावे. अनेक घरांत स्वयंपाक करणारीला स्वच्छतागृह वापरू देत नाहीत. चार घरे फिरणारी बाई मग दिवसभर पाणी पिणे टाळते. आपल्या घरी असे होत असेल तर ते आजच बंद करावे.