टिंब सरकते ते का?

प्राथमिक शाळेतील गणिताच्या तासाला एक वाक्य हमखास कानी पडते : 'भाजकातील दशांश चिन्ह जितकी घरे सरकवाल, तितकीच घरे भाज्यातीलही सरकवा.' मुले टिंब सरकवतात, भागाकार करतात, उत्तरही बरोबर येते. परंतु ७.५ ला ०.२५ ने भागून ३० आले, की एखादा चौकस विद्यार्थी विचारतो, 'भागल्यावर संख्या लहान व्हावी. ही मोठी कशी झाली?' 'नियमच तसा आहे' एवढेच उत्तर त्याला मिळाले, तर त्याच्या लेखी गणित हे समजून घेण्याचे शास्त्र उरत नाही; ती पाळावयाच्या आज्ञांची यादी होते. हा नियम आला कोठून, हे पाहिले म्हणजे त्याचे कारणही हाती लागते.

एककाच्या डावीकडे प्रत्येक घराची किंमत दहापट, ही अंकलेखनाची पद्धती भारताची. अपूर्णांक मात्र आपल्याकडे अंश व छेद एकाखाली एक मांडून लिहीत. भागाकारासाठी भाजकाचे अंश-छेद उलटे करून गुणावे, हा नियम भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या 'लीलावती'त आहे. तीच दशमान शिस्त एककाच्या उजवीकडे नेलेली दिसते ती इ.स. ९५२-५३ च्या सुमारास दमास्कस येथे. अल्-उक्लिदिसी या गणितज्ञाने भारतीय अंकगणितावरील आपल्या ग्रंथात १९ या संख्येचे पाच वेळा निम्मे करून ०.५९३७५ हे उत्तर काढले आणि एककाच्या अंकावर खूण करून पूर्णांक कोठे संपतो ते दाखविले. पुढे १४२७ मध्ये समरकंदच्या अल्-काशीने दशांशांचा पद्धतशीर विचार मांडला.

युरोपात हे ज्ञान सामान्य माणसाच्या हाती दिले ते सायमन स्टेव्हिन या फ्लेमिश गणिती अभियंत्याने. १५८५ साली लायडन येथे त्याने एक छोटेखानी पुस्तिका काढली. ती त्याने पंडितांसाठी लिहिली नव्हती. ज्योतिषी, जमीन मोजणारे, कापड मोजणारे, पिंपांची मापे घेणारे, टांकसाळीचे अधिकारी व व्यापारी यांना उद्देशून ती लिहिलेली होती. तीत भागाकाराचे उदाहरण आहे : ३.४४३५२ भागिले ०.९६. स्टेव्हिन टिंब वापरीत नसे. दशांशाच्या अंकाजवळ वर्तुळात १, शतांशाजवळ २, असे क्रमांक तो लिही. भागाकार पूर्णांकांप्रमाणेच करावयाचा. ३४४३५२ ला ९६ ने भागले की ३५८७ येतात. मग भाज्याच्या शेवटच्या अंकाचा क्रमांक ५, त्यातून भाजकाचा २ वजा केला की ३ उरतात. म्हणजे उत्तराचा शेवटचा अंक सहस्रांशाचा; उत्तर ३.५८७. आज आपण ३४४.३५२ भागिले ९६ असे करून त्याच उत्तरास पोहोचतो. रीती दोन, तत्त्व एक : भाज्य व भाजक दोन्ही एकाच लहान मापात मोजले, तर भागाकार बदलत नाही.

आपल्या पंतोजींच्या शाळेतील मुलाला हे तत्त्व नाव न घेता ठाऊक होते. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी त्याला तोंडपाठ असत. 'साडेसात रुपयांच्या पावल्या किती?' असे विचारले की 'तीस' हे उत्तर तत्काळ येई. पावली रुपयाहून लहान, म्हणून तिची संख्या जास्त, यात त्याला काही नवल वाटत नसे.

पुढे १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे १०० नवे पैसे झाले. शंभराला सोळाने भागले की आण्याचे ६.२५ पैसे होतात. व्यवहारात अपूर्ण पैसा देता येईना, म्हणून एका आण्याचे ६, दोन आण्यांचे १२, तीन आण्यांचे १९ व चार आण्यांचे २५ असे कोष्टक ठरले. तीन वेळा एकेक आणा दिला तर १८ पैसे आणि एकदम तीन आणे दिले तर १९! दशांशाची बाकी कोठे जाते, याचा धडा या कोष्टकाने घराघरांत दिला.

सोळाचा भागाकार निदान संपतो तरी. निजामी हैदराबादेत ७ हाली रुपयांचे ६ कलदार हा भाव होता. सहाला सातने भागू लागल्यास ०.८५७१४२ येऊन तेच अंक पुन:पुन्हा येत राहतात. तेथे साधे अंश-छेदच सोयीचे. दशांश ही सोय आहे, सर्व अपूर्णांकांची जागा घेणारी युक्ती नव्हे, हेही मुलांना याच वयात सांगावे.

३० जून २०११ पासून पंचवीस पैशांचे नाणेही चलनातून गेले. आजच्या मुलाच्या हाती पावली नाही, परंतु पाव लिटरचे माप आहे. दीड लिटर पाण्याने पाव लिटरची किती मापे भरतात, हे त्याला प्रथम भरून पाहू द्यावे. सहा भरली, की तेच १५०० मिलिलिटर भागिले २५० असे फळ्यावर मांडावे आणि मग १.५ भागिले ०.२५ असे लिहावे. टिंब सरकले म्हणजे माप लहान घेतले, एवढेच घडले, हे त्याला दिसेल. त्यानंतर प्रत्येक उदाहरणापूर्वी एक प्रश्न विचारावा : 'उत्तर भाज्याहून मोठे येईल की लहान?' भाजक एकाहून लहान असेल तर मोठे, मोठा असेल तर लहान, हे ज्या मुलाला आधीच सांगता येईल, त्याचे टिंब चुकून भलत्या घरात पडले तरी ती चूक त्याची त्यालाच दिसेल.