नगर रस्त्यावरचे बायबल-पंडित

लोणी काळभोरहून हडपसर, मुंढवा करत नदी ओलांडली की नगर रस्ता लागतो. तिथे रामवाडीला ज्ञानदीप विद्यापीठ आहे. कॅथलिक धर्मगुरू घडवणारे हे विद्यापीठ १९५५ साली श्रीलंकेतल्या कँडीहून पुण्यात आले. फादर जॉर्ज सोअरेस-प्रभू यांनी इथेच वर्षानुवर्षे नवा करार शिकवला. जन्म १९२९चा. आडनावाचा एक भाग पोर्तुगीज, दुसरा अस्सल कोकणी.

हे येशूसंघी धर्मगुरू शिकले फ्रान्समध्ये, लियोंला. मत्तयाच्या शुभवर्तमानावरचा त्यांचा प्रबंध १९७६ साली रोमहून प्रसिद्ध झाला. येशूच्या बालपणाची कथा सांगताना मत्तय पुन्हापुन्हा जुन्या करारातली वचने देतो आणि भाकीत खरे ठरले म्हणतो. मग कथेसाठी वचन शोधले, की वचनावरून कथा बेतली? प्रश्न नाजूक होता. पण श्रद्धेचा ग्रंथही ऐतिहासिक कागदासारखा तपासायचा, ही युरोपीय पद्धत होती आणि कॅथलिक चर्चनेही तिला १९४३ साली वाट मोकळी करून दिली होती.

या पद्धतीत मुरलेल्या माणसानेच पुढे विचारले, की भारतात ती कितपत कामाची? ग्रंथ कसा घडला हे ती सांगते; पण तो भुकेल्या, गांजलेल्या माणसाला काय सांगतो, हे तिच्या हिशेबात नाही. मग त्यांनी आपल्याकडची साधने उचलली. येशूने वादळ शमवल्याचा प्रसंग त्यांनी आनंदवर्धनाच्या ध्वनिसिद्धान्ताने वाचून दाखवला. संस्कृत काव्यशास्त्र शिकणाऱ्या आपल्या मुलांना हे कोणी सांगत नाही, हे नवलच.

येशू जकातदार आणि पापी समजल्या गेलेल्यांबरोबर जेवायला बसे. १९९२च्या एका लेखात त्यांनी या सहभोजनाचा अर्थ दलित ख्रिस्ती समाजाच्या संदर्भात मांडला. पंक्तिभेद काय असतो हे मराठी माणसाला वेगळे समजावायला नको. बाप्तिस्मा घेऊनही जात सुटत नाही, चर्चमध्येही नाही. म्हणून हा प्रश्न घरच्यांनाच विचारलेला होता.

सर्व राष्ट्रांना शिष्य करा, या येशूच्या आज्ञेशेजारी त्यांनी बुद्धाने भिक्खूंना दिलेला आदेश ठेवला. आकाशवाणीच्या ब्रीदातला 'बहुजनहिताय' हा शब्द त्याच आदेशातला. बौद्ध ग्रंथाच्या उजेडात बायबल वाचायचे, म्हणजे धर्मप्रसार कोणाच्या हितासाठी हे आधी विचारायचे.

मला सर्वात धाडसी वाटतो तो मूर्तिपूजेवरचा लेख. यशया संदेष्टा सुताराची थट्टा करतो: एकाच झाडाच्या अर्ध्या लाकडावर भाकरी भाजतो आणि उरलेल्याचा देव करतो! सोअरेस-प्रभूंनी म्हटले, की या हसण्यात मूर्तिपूजकाला समजून घेणेच नाही. एकेश्वरवादाची ही काळी बाजू आहे. शाडूचा गणपती आणणाऱ्याला ती माती आहे हे ठाऊक असतेच, म्हणून तर तो प्राणप्रतिष्ठा करतो आणि विसर्जनही. आपल्याच पवित्र ग्रंथाबद्दल एका धर्मगुरूने असे लिहिणे सोपे नव्हते.

हा लेख १९९५ साली अमेरिकेत छापून आला. त्याच वर्षी पुण्यात सायकलवरून जाताना झालेल्या अपघातात त्यांचा मृत्यू झाला. विखुरलेले लेखन सहकाऱ्यांनी गोळा केले. १९९९पासून पुण्यातून त्याचे खंड निघू लागले आणि २००३ साली फ्रान्सिस डिसा यांनी संपादित केलेला संग्रह अमेरिकेत निघाला. त्याचे नाव 'द धर्मा ऑफ जीझस'. डोंगरावरील प्रवचनावरच्या त्यांच्याच एका लेखाचे हे नाव. 'धर्म' या शब्दाचे त्यांनी इंग्रजी केले नव्हते.