योगायोग आणि 'सेरेंडिपिटी' : जबलपूरच्या हाडांवरून एका शब्दाचा अर्थ

प्रयोगाच्या अहवालात 'योगायोगाने आढळले' असे आपण सहज लिहून टाकतो. हा शब्द वापरण्यापूर्वी त्याचा अर्थ नीट पाहा.

अनपेक्षित जुळणीसाठी आपल्याकडे जुने शब्द आहेत. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, तर तो काकतालीय न्याय. लाकूड पोखरताना किड्याकडून अक्षरासारखी आकृती उमटली, तर तो घुणाक्षर न्याय. मात्र कावळ्याला वा किड्याला त्यातले काही कळत नाही.

इंग्रजीतील 'सेरेंडिपिटी' इथेच वेगळा ठरतो. हा शब्द होरेस वॉलपोल याने २८ जानेवारी १७५४ च्या पत्रात घडवला. त्यामागे सेरेंडिपच्या, म्हणजे श्रीलंकेच्या, तीन राजपुत्रांची फारसी कथा आहे. वाटेच्या एकाच बाजूचे गवत खाल्लेले पाहून ते ओळखतात की, इथून गेलेला उंट एका डोळ्याने आंधळा होता. ते उंटाच्या शोधात नव्हतेच. म्हणून या शब्दाला दोन अटी आहेत : अवचित घडणे आणि घडलेले ओळखण्याची चतुराई.

आता आपल्या शहराकडे वळू. ठगांच्या बंदोबस्तासाठी प्रसिद्ध झालेला विल्यम स्लीमन १८२८ मध्ये जबलपूरला होता. येथील बडा सिमला टेकडीवर त्याला दगड झालेली हाडे मिळाली. तो लष्करी अधिकारी होता. हाडे शोधणे हे त्याचे काम नव्हे. 'डायनासोर' हा शब्दही १८४२ चा. तरी हा साधा दगड नव्हे एवढे त्याने ओळखले आणि मणके जपले. ते पुढे कलकत्त्याला जेम्स प्रिन्सेपकडे पोहोचले. १८७७ मध्ये रिचर्ड लिडेकर याने त्या प्राण्याला 'टायटॅनोसॉरस इंडिकस' हे नाव दिले.

नंतर हे मणके बेपत्ता झाले. त्यांतील एक २०१२ मध्ये कोलकात्यात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संग्रहात धनंजय मोहबे आणि सुभाशीष सेन यांना सापडला. जुने जीवाश्म शोधण्याचे काम तेव्हा ठरवून चालले होते. म्हणून याला सेरेंडिपिटी म्हणू नका. हा चिकाटीचा शोध आहे.

हा भेद न पाळता सगळ्यालाच 'नशीब' म्हटले, तर ओळखणाऱ्याचे श्रेय जाते आणि चिकाटीने शोधणाऱ्याचेही. तेव्हा अहवालात तीन गोष्टी लिहा : आपण काय शोधत होतो, काय दिसले आणि ते वेगळे आहे हे कशावरून ओळखले.