उतरवून घेतलेला आवाज

परवा नातवाने एका व्हिडिओतला नुसता आवाज माझ्या मोबाईलमध्ये उतरवून दिला. म्हणाला, "आजोबा, आता नेट नसलं तरी गीतरामायण ऐका."

मला १९५५ ची रामनवमी आठवली. अर्थात तेव्हा मी लहान, आठवते ते आईने सांगितलेले. पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झाले. आठवड्याला एक नवे गीत, अशी वर्षभरात छप्पन्न. गदिमांचे शब्द, बाबूजींचे संगीत. आवाज घरात ठेवायची सोय नव्हती. आई रेडिओजवळ बसून ऐकता ऐकता शब्द वहीत उतरवून घेई.

फिलिप्सने १९६३ साली कॅसेट आणली. आमच्याकडे टेपरेकॉर्डर आला तो १९८१ मध्ये. पहिल्याच दिवशी आईच्या जात्यावरच्या ओव्या टेप केल्या. कॅसेटच्या मागच्या कडेला दोन छोट्या पट्ट्या असत. त्या मोडल्या की वर दुसरे काही टेप होत नसे. मी त्या मोडल्या नाहीत. पुढे घाईत त्याच कॅसेटवर रेडिओवरचे नाट्यसंगीत टेप केले. ओव्या गेल्या. दोन वर्षांनी आईही गेली.

ती नाट्यपदे आज नेटवर मिनिटभरात सापडतात. ओव्या कुठेच नाहीत. जे सगळ्यांकडे होते ते मी जपले आणि जे फक्त आमच्या घरात होते ते पुसले!

असो. नातवाला म्हटले, "गीतरामायण राहू दे, ते कुठे जात नाही. आधी आत जा आणि आजीला बोलतं कर. मोबाईल चालू ठेव."