दाराची कडी

इतिहास शिकवणाऱ्या मास्तराला स्वतःच्या घरातला इतिहास सर्वांत शेवटी कळावा, यात नवल ते काय! दर 9 सप्टेंबरला मी नंदुरबारच्या मुलांना 1942 सालच्या मिरवणुकीची हकिकत सांगतो. पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि शिरीषकुमारसह पाच बालवीर धारातीर्थी पडले. माझी आजी तेव्हा याच गावात होती, हे मात्र कधी माझ्या मनातही आले नाही.

2010 साली तिचा कर्करोग हाताबाहेर गेला. मॉर्फीनने वेदना दबत. पण रात्रभर ती दाराकडे टक लावून पाही. एका रात्री मी वही घेऊन बसलो व म्हणालो, "आजी, लहानपणचं काही सांग ना."

तिने सांगितले. गोळीबार होताच ती घरात पळाली व आतून कडी लावली. मागोमाग कोणीतरी दार ठोठावले. तिने उघडले नाही. ते कोण होते, हे तिला कधीच कळले नाही. 68 वर्षे तिने हे कोणालाही सांगितले नव्हते.

पुढे वाचनातून कळले की, मी नकळत केले त्यालाही इतिहास आहे. 1948 साली लंडनमध्ये डेव्हिड तास्मा हा पोलंडचा निर्वासित कर्करोगाने मरणपंथाला लागला होता. आपल्यामागे काहीच उरणार नाही, ही त्याची खंत. सिसिली सॉन्डर्स ही रुग्णालयातील समाजसेविका त्याच्याशी बोलत बसे. तिच्या भावी वास्तूतली एक खिडकी होण्यासाठी त्याने 500 पौंड मागे ठेवले. ती वास्तू, सेंट ख्रिस्तोफर, 1967 साली उघडली. आपल्या देशातले असे पहिले घर, शांती अवेदना, 1986 साली मुंबईत वांद्र्याला निघाले. कॅनडातील डॉ. हार्वी चोचिनोव्ह यांनी या बोलण्याला रीतच घालून दिली : रुग्णाची जीवनकथा उतरवायची, त्याला वाचून दाखवायची, दुरुस्त करायची आणि त्याच्या माणसांसाठी त्याच्या हवाली करायची. 2005 साली त्यांनी 100 रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. 76 टक्के रुग्णांना आपली प्रतिष्ठा वाढल्यासारखे वाटले. 2011 सालच्या मोठ्या चाचणीत मात्र मनस्तापाच्या मोजमापात इतर शुश्रूषेपेक्षा फारसा फरक आढळला नाही. तरीही आपल्याला उपयोग झाला, असे रुग्ण सांगत होतेच.

मला दोन्ही खरे वाटते. आजीचे दुःख मी मोजले नाही. लिहिलेले वाचून दाखवले, तेव्हा तिने एवढेच विचारले, "मी दहा वर्षांची होते, हे लिहिलंस का रे?"

लिहिले नव्हते. लगेच लिहिले. त्या रात्री ती दाराकडे पाठ करून झोपली.

आता 9 सप्टेंबरला मी मुलांना त्या बंद दाराविषयीही सांगतो.