रद्दीचा चित्रकार : कुर्ट श्विटर्स

कुर्ट श्विटर्स याचा जन्म २० जून १८८७ रोजीं जर्मनींतील हानोव्हर शहरीं झाला. ड्रेस्डेनच्या कला-अकादमींत त्यानें रीतसर शिक्षण घेतलें. निसर्गचित्रें व व्यक्तिचित्रें तो उत्तम काढी, आणि तेवढ्यावर त्याचा संसार सुखानें चालला असता. परंतु १९१८ सालीं जर्मनीचा पराभव झाला, राजसत्ता कोसळली. सारेंच मोडलें आहे, तर मोडक्या तुकड्यांतूनच नवें घडवावें, असें त्याच्या मनानें घेतलें.

ट्रामचीं तिकिटें, वेष्टनें, चिंध्या, तारा, जें रस्त्यावर सांपडे तें तो फलकावर चिकटवी किंवा ठोकी. १९१९ सालच्या एका चित्रांत बँकेच्या जाहिरातीचा कपटा होता. ‘कोमर्त्स’ म्हणजे व्यापार. त्या शब्दाची ‘मेर्त्स’ एवढीच शेपटी कात्रींतून वांचली होती. या निरर्थक अक्षरांचेंच नांव त्यानें आपल्या साऱ्या कलेला दिलें. लोक हंसले. वस्तुतः गोधडी शिवणारी बाई ज्या नजरेनें चिंधीशीं चिंधी जुळविते, तीच नजर येथें होती. रंगाशीं रंग आणि आकाराशीं आकार तोलल्याखेरीज एकही कपटा जागेवर बसत नसे.

याच माणसानें १९२४ च्या सुमारास जाहिरातींची स्वतःची कचेरी काढली, हें पुष्कळांना विसंगत वाटतें. पेलिकान शाईच्या जाहिराती त्यानें रचल्या. हानोव्हरच्या नगरपालिकेचे छापील कागद व फॉर्म सुधारून दिले. साधें, नक्षीरहित अक्षर, ठळक रेघ आणि धीटपणें मोकळी सोडलेली जागा, ही त्याची रीत. चित्रांत जो तोल त्यानें साधला, तोच येथें करवसुलीच्या कचेरीच्या कामीं आला, इतकेंच!

राहत्या घरींही तो स्वस्थ नव्हता. लांकूड, गिलावा व सांपडलेल्या वस्तु यांची एक अजब वास्तु त्याच्या चित्रशाळेंत वर्षानुवर्षें वाढत गेली आणि शेजारच्या खोल्यांत शिरली.

हिटलरच्या राजवटींत त्याला देशांत राहणें कठीण झालें. जानेवारी १९३७ मध्यें तो नॉर्वेस गेला. त्याच वर्षीं म्यूनिक येथें ‘भ्रष्ट कला’ म्हणून जें प्रदर्शन भरलें, त्यांत त्याचीं चित्रें उपहासासाठीं टांगलीं होतीं. १९४० सालीं नॉर्वेवर स्वारी होतांच तो ब्रिटनला पळाला. तेथें तो शत्रुराष्ट्राचा नागरिक ठरला! आइल ऑफ मॅन बेटावरील छावणींत रंग मिळेनात, तेव्हां जमिनीवरील लिनोलियमचे तुकडे काढून त्यांवर त्यानें सोबत्यांचीं चित्रें रंगविलीं. ओटच्या लापशीच्या मूर्तिही केल्या. त्यांना बुरशी आली.

१९४३ च्या ऑक्टोबरांत बाँबवर्षावांत हानोव्हरचें घर, आंतील वास्तूसह, नष्ट झालें. पुढच्याच वर्षीं पत्नी हेल्मा तिकडेच कर्करोगानें वारली.

१९४५ पासून तो इंग्लंडांतील अँबलसाइड गांवीं लोकांचीं व्यक्तिचित्रें काढून पोट भरीत होता. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयानें मदत दिली, तेव्हां १९४७ सालीं जवळच्या एल्टरवॉटर येथें, बंदुकीच्या दारूच्या जुन्या कारखान्याच्या आवारांतील एका दगडी कोठारांत, साठ वर्षांच्या आजारी श्विटर्सनें पुनः नवी वास्तु आरंभिली. ८ जानेवारी १९४८ रोजीं तो वारला. ब्रिटिश नागरिकत्व मंजूर झाल्याचें आदल्याच दिवशीं कळलें होतें. एकच भिंत झाली होती. झारीची चाळणी आणि चेंडू गिलाव्यांत बसविलेली ती भिंत १९६५ सालीं सबंध उचलून न्यूकॅसल विद्यापीठांत नेण्यांत आली.