मुलाचें धनुष्य

सोलापूर जिल्ह्यांत पंढरपूरच्या उत्तरेस करकंब नांवाचें मोठें गांव आहे. भीमेच्या खोऱ्यांतला हा मुलूख ज्वारीचा. घनदाट अरण्य येथें नाहीं. अशा गांवीं एखाद्या मुलानें धनुष्यासाठीं हट्ट धरला, तर घरांतल्या वडील माणसास रान धुंडाळावें लागत नाहीं. बुरुडाकडची कळकाची एक कांब, तागाची थोडी सुतळी आणि वैरणींतलें एक सरळ धाट एवढ्यावर काम भागतें. घटकाभरांत होणारें हें खेळणें पाहून कोणी हंसेल. परंतु ज्या आयुधानें दोन हजारांहून अधिक वर्षें भरतखंडांतील रणांगणें गाजविलीं, त्याचें सारें मर्म या खेळण्यांत सामावलेलें आहे. तें सैनिकाच्या हातून सुटून मुलाच्या हातीं कसें आलें, याचा इतिहास पाहण्यासारखा आहे.

कौटिल्याचें अर्थशास्त्र म्हैसूर येथें शामशास्त्री यांनीं १९०९ सालीं छापून प्रसिद्ध केलें. त्यांत आयुधागाराच्या प्रकरणीं चार प्रकारचीं धनुष्यें सांगितलीं आहेत: ताडाचें, कळकाचें, लांकडाचें व शिंगाचें. दोरीसाठीं मूर्वा, रुई, ताग, कळक व स्नायू यांचे तंतू सुचविले आहेत. म्हणजे करकंबच्या मुलाची कांब व सुतळी दोन्हीं या राजमान्य यादींत बसतात. आणि रुई तर सोलापूरच्या माळरानावर कोणी न लावतां उगवते. लांकडाच्या धनुष्यासाठीं पूर्वजांनीं हेरलेलें एक झाड सह्याद्रीच्या रानांत आहे. मराठींत त्यास धामण म्हणतात. संस्कृतांत त्याचें नांव धन्वन किंवा धनुर्वृक्ष. त्याचें लांकूड वांकतें, पण सहसा मोडत नाहीं; म्हणून कावडीच्या दांडीसही तें वापरीत. झाडाचें नांवच त्याचा उपयोग सांगतें.

मात्र हें आयुध सर्वांच्या हातीं नव्हतें. मनुस्मृतींत उपनयनाच्या वेळीं क्षत्रिय बटूच्या कमरेस मूर्वेच्या तंतूंची धनुष्याची दोरीच मेखला म्हणून बांधावी असें म्हटलें आहे. इतर वर्णांच्या मुलांस ती दोरी नाहीं. महाभारतांतल्या एकलव्यानें गुरूवांचून विद्या मिळविली, तेव्हां तिची किंमत त्यास आपला अंगठा देऊन भरावी लागली. धनुष्य कोणी धरावें, हा प्रश्न इतका जुना आणि इतका कठोर आहे.

या प्रश्नाचा निकाल धर्मग्रंथांपेक्षां दारूगोळ्यानें अधिक लावला. इ. स. १५४९ त अहमदनगर, म्हणजे आतांचें अहिल्यानगर, येथें ‘मलिक-ए-मैदान’ ही अजस्र तोफ ओतली गेली. पुढें ती करकंबच्या ईशान्येस असलेल्या परांड्याच्या किल्ल्यावर होती. तेथून १६३२ त ती विजापुरास नेण्यांत आली व तेथल्या बुरुजावर आजही पाहावयास मिळते. तोफा-बंदुका आल्या म्हणून धनुष्य एका दिवसांत गेलें नाहीं. दोन्हीं बराच काळ शेजारीं शेजारीं लढलीं. पण कसलेला तिरंदाज घडविण्यास बालपणापासून वर्षानुवर्षें सराव लागे, आणि बंदूक चालविणारा शिपाई कांहीं महिन्यांत तयार होई. या हिशेबापुढें धनुष्य हरलें. तें सैन्यांतून गेलें. उरलें तें सातपुड्यांतल्या भिल्लांसारख्या वनवासी जमातींजवळ आणि गांवोगांवच्या मुलांजवळ. भिल्लांच्या धनुष्याची दोरीही बहुधा कळकाच्याच पातळ पट्टीची असते. तेथें एकाच कळकांतून दांडा व दोरी दोन्हीं निघतात.

मुलासाठीं धनुष्य करतांना त्या जुन्या विद्येची परीक्षा होते. कांब मुलाच्या उंचीइतकी घ्यावी. ती मधोमध जाड ठेवून टोकांकडे क्रमानें पातळ करीत न्यावी. मात्र तासावयाची ती आंतल्या, म्हणजे मुलाकडे येणाऱ्या अंगानें. बाहेरच्या सालीस सुरी लागतां कामा नये. दोरी ओढली म्हणजे बाहेरचें अंग ताणलें जातें व आंतलें दबतें. कळकाचे तंतू सालीजवळ सर्वांत दाट असतात आणि ताण तेच सोसतात. ते तुटले कीं कांब तेथूनच चिरते. टोकांशीं खांचा पाडून दोरी कांबेहून थोडी आंखूड बांधावी, म्हणजे मध्यावर दोघींत मुलाच्या मुठीएवढें अंतर राहतें. खेळ संपतांच दोरी उतरवावी, नाहीं तर कांबेस कायमचा बांक पडून तिचा जोर जातो. बाण न लावतां दोरी ओढून सोडूं नये. बाणानें न्यावयाचा जोर कांबेवरच उलटतो. धाटाच्या टोकास बाभळीचा कांटा न लावतां चिंध्यांचा बोंडा बांधावा, आणि कोणाच्याही तोंडाकडे नेम धरूं नये हें पहिल्याच दिवशीं सांगावें.

धनुष्याचा एक वंश शाळेंतही नांदतो. मराठी भूमितींत वर्तुळाच्या दोन बिंदूंस जोडणाऱ्या रेषाखंडास ‘जीवा’ म्हणतात; जीवा म्हणजे धनुष्याची दोरी. तिचाच पर्याय ‘ज्या’. आर्यभटानें इ. स. ४९९ च्या आपल्या ग्रंथांत अर्ध्या ज्येचें कोष्टक दिलें. अरबांनीं तो शब्द ‘जीबा’ असा उचलला. त्यांच्या लिपींत स्वर लिहीत नसत, म्हणून पुढें तो ‘जैब’, म्हणजे वस्त्राची घडी, असा वाचला गेला. बाराव्या शतकांत लॅटिन भाषांतरकारांनीं त्याच अर्थाचा ‘सायनस’ शब्द योजला, आणि जगभरचे विद्यार्थी आज जें ‘साईन’ म्हणतात तें त्यांतून आलें. शहरांतलें मूल जीवा पाठ करतें, पण ती ताणलेली कधीं पाहत नाहीं.

ऑगस्ट २०२३ मध्यें बर्लिन येथील जागतिक तिरंदाजी स्पर्धेंत साताऱ्याची सतरा वर्षांची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे यांनीं कंपाउंड प्रकारांत वैयक्तिक सुवर्णपदकें मिळविलीं. त्यांचीं धनुष्यें धातूचीं व कप्प्यांचीं. कळकाची कांब त्यांत नाहीं. पण त्या मुलीच्या हातीं धनुष्य येण्यास ना मेखलेचा अधिकार लागला, ना अंगठ्याचें मोल. सैन्यांतून उतरलेलें आयुध खेळ झालें, म्हणूनच तें सर्वांचें झालें. बाजारांतल्या प्लास्टिकच्या धनुष्यानें नेमही साधेल. परंतु साल कां राखावी, दोरी कां उतरवावी, हें तें शिकवीत नाहीं. तें ज्ञान ज्या हातांत आहे ते थकण्यापूर्वीं एखाद्या सुटीच्या दुपारीं कळकाची कांब घेऊन आजोबा व नातवंड एकत्र बसलें, तर धन्वन, मूर्वा, जीवा हे शब्द कोशांतून उठून पुन्हां ओसरीवर येतील.